रस्त्यावरच्या कुत्र्याला मदत करायचीय? मग आधी हात खिशात ठेवा

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी सांगितलं की दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाका, अकरा दिवसांत तोच आदेश बदलला, वर तो सगळ्या देशाला लागू केला, आणि तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगपेक्षा कुत्र्यांवरून जास्त भांडणं व्हायला लागलीत. एक पार्टी म्हणते सगळी उचला, दुसरी म्हणते हात तर लावून बघा. या सगळ्यात एक साधा प्रश्न मागेच राहतो, की समजा उद्या सकाळी ऑफिसला जाताना गाडीखाली आलेला एक कुत्रा दिसला आणि मनापासून काहीतरी करावंसं वाटलं, तर नेमकं करायचं काय? शाळेत हे कोणी शिकवलं नाही, घरी फक्त "हात लावू नकोस, चावेल" एवढंच.

आणि खरं सांगू का, घरचे अर्धे बरोबरच होते.

मदत करताना तुम्हाला चावा बसला तर तुमच्याइतकंच त्या कुत्र्याचंही वाटोळं होतं. तुम्हाला इंजेक्शनं, त्याला "चावरा" हा शिक्का. २२ ऑगस्टच्या त्या बदललेल्या आदेशात असं आहे की नसबंदी आणि लस झालेला कुत्रा परत त्याच्याच एरियात सोडायचा, पण रेबीज झालेला, तसा संशय असलेला किंवा आक्रमक कुत्रा सोडायचा नाही. म्हणजे पाय मोडलेला, कळवळणारा कुत्रा, त्याला तुम्ही प्रेमाने पण अचानक हात लावला, त्याने दात मारले, आणि कोणीतरी तक्रार केली, की त्याची गल्ली सुटलीच म्हणून समजा. त्यामुळे खाली जे काही लिहितोय ते "स्वतःला सांभाळा" छापाचं वाटेल, पण ते त्याच्यासाठीपण आहे.

रेबीज नेमका करतो काय

सगळी भीती या एका शब्दाची आहे, म्हणून आधी तो उरकू. रेबीज हा विषाणू, तो असतो पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत. चाव्यातून किंवा लाळ लागलेल्या उघड्या जखमेतून तो आत जातो आणि मग रक्तातून न जाता नसांमधून, म्हणजे मज्जातंतूंमधून, हळूहळू मेंदूकडे सरकतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत केसेस कुत्र्यांमुळे असतात आणि जगातले सुमारे ३६ टक्के रेबीजचे मृत्यू भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. पण लक्षणं यायला वेळ लागतो, साधारण दोन ते तीन महिने, कधी आठवडाभर तर कधी वर्षभरसुद्धा, आणि त्या वेळातच आपली सगळी संधी आहे.

विषाणूला पॅसेंजर गाडी समजा, प्रत्येक स्टेशनवर थांबत जाणारी. लस ही उशिरा सुटणारी पण फास्ट गाडी, तिला शरीरात तयारी करायला आठवडा-दहा दिवस लागतात, पण एकदा निघाली की ती पॅसेंजरच्या आधी पोचते. चावा पायाला असेल तर स्टेशन लांब आहे, चेहऱ्याला किंवा मानेला असेल तर मेंदू पुढच्याच स्टेशनवर आहे, म्हणून तिथे एक तासही घालवायचा नाही. आणि फास्ट गाडी निघेपर्यंत पॅसेंजरला रुळावरच अडवायला जखमेत जे इंजेक्शन देतात ते इम्युनोग्लोब्युलिन, हॉस्पिटलमध्ये त्याला नुसतं सिरम म्हणतात.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धडधाकट कुत्र्याला खायला घातलं, त्याने अख्ख्या, न फाटलेल्या कातडीवर चाटलं, तुमच्या पायाला अंग घासलं, याने रेबीज होत नाही आणि लसही लागत नाही. रक्त न आलेलं ओरखडं असेल तर लस लागते. कातडी फाटून रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर त्याने चाटलं, तर लस आणि सिरम दोन्ही.

लांबूनच बरंच कळतं

कुत्रा दिसल्या दिसल्या "अले बाळा" करत धावू नका. दहाएक फुटांवर थांबा आणि एक-दोन मिनिटं नुसतं बघा. चालतोय का, कुठला पाय टेकवत नाहीये, रक्त कुठून येतंय, आजूबाजूला पिल्लं आहेत का (पिल्लंवाली कुत्री जगातल्या कोणालाही जवळ येऊ देत नाही आणि ते बरोबरच आहे). कानाच्या टोकाला कापलेली खूण आहे का तेही बघा, ती असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते, पण ती कधी दिली ते कानावरून कळत नाही, त्यामुळे त्या खुणेवर विसंबून हात पुढे करायचा नाही.

शेपूट हलतेय म्हणजे तो खूश आहे, हा समज आपल्याकडे फारच पक्का आहे. ढिली शेपूट, कंबरेसकट सगळं अंग हलतंय, ते ठीक. पण शेपूट ताठ उभी आणि नुसतं टोक थरथरतंय, अंग कडक, तोंड बंद, हे "आणखी पुढे येऊ नकोस" आहे. भुंकणाऱ्यापेक्षा अचानक गप्प होऊन जागच्या जागी थिजलेल्या कुत्र्याला मी जास्त घाबरतो. डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, ही सगळी घाबरल्याची लक्षणं, आणि चावणारी बहुतेक कुत्री घाबरलेलीच असतात.

जवळ जायचंच असेल तर सरळ समोरून, डोळ्यात डोळे घालून जाऊ नका. थोडं आडवं, वळसा घेत जा, अंग वळवून खाली बसा पण गुडघे टेकून नाही, पटकन उठता आलं पाहिजे. हात डोक्यावरून आणू नका. खाण्याचा तुकडा हातातून न देता जमिनीवर टाका आणि तो येतोय का बघा. नाही आला तर नाही आला, त्याने उत्तर दिलेलं आहे.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर इथेच थांबा

हा एक मुद्दा वाचून बाकीचा लेख सोडलात तरी माझी हरकत नाही. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फेस गाळत गावभर चावत सुटलेला कुत्रा येतो. तसाही असतो. पण रेबीजचा दुसरा प्रकार शांत असतो, त्यात कुत्रा कोपऱ्यात पडून राहतो, मागचे पाय लुळे पडतात, आवाज घोगरा किंवा विचित्र होतो, आणि जबड्याचे स्नायू गेल्यामुळे तोंड उघडंच राहतं, लाळ गळत राहते, पाणी गिळता येत नाही. बघणाऱ्याला काय वाटतं? घशात हाड अडकलंय बिचाऱ्याच्या. आणि मग दोन चांगली माणसं, एक जण धरतो, दुसरा तोंडात हात घालून हाड शोधतो. हाड नसतंच. हात मात्र कोपरापर्यंत लाळेने भरतो आणि बोटांवर कुठेतरी खरचटलेलं असतंच.

खरोखर हाड अडकलेला कुत्रा सहसा पंजाने तोंड ओरबाडतो, बेचैन असतो, माणसाला ओळखतो. पण हा फरक रस्त्यावर उभं राहून ठरवायचा शहाणपणा करू नका, मुलांना लांब करा, कोणी दगड मारत असेल तर थांबवा, शक्य असेल तर गेट बंद करून त्याला एका जागी राहू द्या, आणि फोन करा. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा एक आजार आहे, त्यातही झटके येतात, डोके किंवा पाय लयीत उडत राहतात, नाक-डोळे वाहतात, आणि लोक त्यालाही पिसाळलेला म्हणतात. तो माणसाला होत नाही. पण हेही ठरवायचं काम डॉक्टरचं.

गाडीने उडवलेला कुत्रा

पहिला धोका कुत्रा नाही, मागून येणारी गाडी आहे. हायवेवर कुत्र्याला वाचवायला मध्येच उतरलेल्या माणसालाच गाडीने ठोकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आपली गाडी कडेला, पार्किंग लाइट चालू, कोणाला तरी मागे उभं करून ट्रॅफिक वळवायला लावा, मग कुत्र्याकडे बघा.

जखमी कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो, रोज त्याला चपाती घालणाऱ्या काकूंनाही, कारण दुखण्यात त्याला माणूस आणि दुखणं वेगळं कळत नाही. म्हणून आधी तोंड. तुमच्या बॅगेत किंवा डिकीत ओढणी, गॉजची पट्टी, काहीही लांब आणि मऊ असेल त्याचं मुसकं होतं, बैलाला बांधतात तसंच. कुत्र्यापासून लांब असतानाच त्याचा सैल फास करा, बाजूने किंवा मागून येऊन तो नाकाडावर टाका आणि वर ओढा, मग दोन्ही टोकं हनुवटीखाली नेऊन एकमेकांवरून फिरवा आणि कानांमागे एका ओढीत सुटेल अशी गाठ मारा. खाली गाठ आणि कानामागे काही नाही असं केलं तर तो पंजाने एका झटक्यात काढतो. हे फक्त काही मिनिटांसाठी, कारण कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. आणि उलटी होत असेल, श्वास लागत असेल, बेशुद्ध असेल किंवा पगसारख्या चपट्या नाकाचा असेल तर मुसकं अजिबात नाही. हात जवळ नेताच तो गुरगुरत असेल तर हा उद्योग सोडून द्या, वरून जाड चादर टाकून त्याला झाका, अंधार झाला की बरीच कुत्री शांत होतात.

उचलताना दोन पाय धरून कधीच नाही. मणका मोडलेला असू शकतो. चादर किंवा गोणपाट शेजारी पसरा, कंबर आणि खांद्याखालून हळू सरकवत त्यावर घ्या आणि दोघांनी चार कोपरे धरून स्ट्रेचरसारखं उचला, फळी किंवा जाड पुठ्ठा मिळाला तर आणखी चांगलं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा, सारखं उचलून "थांबलं का" बघू नका. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आणि कृपा करून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या लिव्हर-किडनीची वाट लावू शकतात, दुखणं कमी करायला गेलात आणि विष दिलंत असं होतं.

अळ्या, खरूज आणि आपले गावठी इलाज

पावसाळ्यात छोट्या जखमेवर माशी बसते, एक-दोन दिवसांत अळ्या पडतात आणि वास येईपर्यंत कोणाला कळत नाही. लोक काय काय ओततात विचारू नका, फिनाईल, रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाईन. अळ्या मरतातही, पण सोबत आतलं जिवंत मांसही भाजतं, आणि कुत्रा ते चाटतो म्हणजे पोटातही जातं. जनावरांच्या औषधांच्या दुकानात अळ्यांसाठी स्प्रे आणि पावडर मिळते, पण डोळा, कान, तोंडाजवळची जखम असेल किंवा खोल खड्डा असेल तर तो डॉक्टरकडेच न्यायचा. मेलेल्या अळ्या आत राहिल्या तर जखम सडते, त्या चिमट्याने काढाव्या लागतात.

खरजेवर गॅरेजमधलं जळकं ऑईल चोपडायची पद्धत अजून चालू आहे, ती बंद करा. अंगावरचे सगळे केस गेलेली, हत्तीसारखी जाड कातडी झालेली कुत्री गोळ्यांनी महिन्या-दीड महिन्यात ओळखू येत नाहीत इतकी बदलतात, आणि खाण्यात लपवून गोळी देता येते, हात लावायचीही गरज नाही. डोस मात्र वजनावर असतो, म्हणून फोटो काढून, अंदाजे वजन सांगून डॉक्टरला विचारा.

अजून एक गोष्ट, जी बोलायला लोक लाजतात. कुत्र्याच्या किंवा कुत्रीच्या जननेंद्रियातून दिवसेंदिवस थेंब थेंब रक्त येतंय आणि फ्लॉवरसारखी गाठ दिसतेय, तर ती "माजावर" आहे किंवा कोणी मारलंय असं समजून सोडू नका. संबंधातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा हा एक ट्यूमर असतो, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांत बऱ्यापैकी दिसतो. दर आठवड्याला एक अशी केमोची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक बरी होतात.

पिल्लं दिसली की उचलायची का?

बहुतेक वेळा नाही. पावसाळा संपल्यावर आणि थंडीत पिल्लांचं पीक येतं, आणि कोणीतरी गोड पिल्लू बॉक्समध्ये घालून घरी आणतं, आणि दुसऱ्या दिवशी ते गार पडतं. आई बहुधा खायला शोधायला गेलेली असते. लांबून दोन-तीन तास लक्ष ठेवा. ती आली तर तिलाच पोटभर खायला घाला, पिल्लांचं पोट आपोआप भरतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आई खरंच मेली असेल तर पहिलं काम ऊब, दूध नंतर, कारण गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही. आणि गाईचं दूध नाही, पिल्लांचं वेगळं दूध पावडर मिळतं. रक्ताची जुलाब आणि उलट्या दिसल्या तर तो पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांमध्ये पटकन पसरणारा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो, तासांचा खेळ आहे, आणि ज्या घरात लस न झालेला कुत्रा आहे तिथे असं पिल्लू नेऊ नका.

लहान मुलांना या सगळ्यातून लांब ठेवा, पण घाबरवू नका. संशयित जनावर चावलेल्यांपैकी ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, आणि मुलं ओरडा बसेल म्हणून चावा लपवतात. "चावला तर आधी मला सांग, मी रागवणार नाही" एवढं घरात बोलून ठेवा.

"पालिकेला फोन केला की मारून टाकतात ना?"

कायद्याने नाही. २००१ पासून नियम आहे आणि २०२३ च्या नव्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या) नियमांतही तेच, की पकडा, नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथेच सोडा. स्वतः कोणी विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. (कुत्री मारण्यावरून मुंबईत दंगल झाल्याचीही नोंद आहे, १८३२ साली, ब्रिटिश सरकारविरुद्ध पारशी लोक रस्त्यावर उतरले होते. ग्रुपवरची भांडणं त्यामानाने सौम्यच म्हणायची.) नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने एक वेगळी यादी केली, शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, स्टेडियम, बस स्टँड, रेल्वे स्टेशन, इथली कुत्री उचलल्यावर परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे एसटी स्टँडवरच्या कुत्र्यासाठी फोन करताना हे माहीत असू द्या.

जखमी कुत्र्यासाठी महापालिकेपेक्षा तुमच्या शहरातली प्राणीसंस्था लवकर येते, निदान माझा अनुभव तरी तसा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, पुण्यात रेस्क्यू नावाची संस्था आहे, गावाकडे १९६२ या नंबरवर फिरतं पथक आहे पण ते मुख्यतः गुराढोरांसाठी. नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा, रक्त वाहत असताना गुगल करत बसू नका. फोन केल्यावर "एक कुत्रा पडलाय, लवकर या" असं न सांगता लोकेशन, फोटो किंवा छोटा व्हिडिओ, कुत्रा हलतोय का, आणि मुख्य म्हणजे गाडी येईपर्यंत तुम्ही थांबणार आहात का ते सांगा. या संस्थांची सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच, की फोन करणारा निघून जातो आणि गाडी पोचेपर्यंत कुत्राही निघून जातो.

"मग शेल्टरमध्येच का नाही ठेवत?" कारण एक तर जागा नाही, आणि पार्व्हो-डिस्टेंपर सगळ्यात पटकन तिथेच पसरतात. शिवाय एक गल्ली रिकामी केली की बाजूच्या गल्लीतली, लस न झालेली, नवखी कुत्री तिथे येतात. गोव्याने दुसरा रस्ता धरला, वर्षानुवर्षं घरोघरी आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते.

खाऊ घालण्याबद्दलचं भांडण

दोन्हीकडचं थोडं थोडं खरं आहे. कोर्टाने ठरलेल्या जागेशिवाय रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई केली, आणि २०२३ च्या नियमांत ती जागा जिन्यापासून, गेटपासून, मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी असं आहेच. लिफ्टसमोर बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्याच्या बाजूने मी भांडणार नाही. ठरलेली वेळ, ठरलेला कोपरा, नंतर भांडं उचलून नेणं, आणि त्याच वेळेला नसबंदीसाठी कुत्री पकडायला मदत करणं, कारण रोज खायला घालणाऱ्याशिवाय ती कोणाच्याच हाताला लागत नाहीत. खायला भात आणि अंडं किंवा कोंबडीचे उकडलेले तुकडे, हाडं नाहीत. ग्लुकोज बिस्किट म्हणजे नुसती साखर आणि मैदा.

चावलाच तर

वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, कारण दोन मिनिटांतच आपल्याला खूप झालं असं वाटतं. हळद, चुना, तिखट, काही लावू नका, वर घट्ट पट्टी नको. मग त्याच दिवशी हॉस्पिटल, सरकारी दवाखान्यात एआरव्ही, म्हणजे रेबीजची लस, फुकट मिळते. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना काळ, आता दंडात ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, किंवा कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). मधला डोस बरं वाटतंय म्हणून सोडायचा नाही. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, रेबीजचा विषाणू लाळेत आला की कुत्रा त्या दहा दिवसांत आजारी पडून मरतोच, पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस थांबवू नका, लस आधी सुरू, कुत्रा ठणठणीत राहिला तर पुढचं डॉक्टर ठरवतील.

नियमित फीडर असाल तर चावायच्या आधीच लस घेऊन ठेवा, ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. मग कधी चावला तर दोनच डोस पुरतात आणि सिरम लागत नाही.

आणि तो कुणाचा पाळलेला असेल तर?

दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळालेली घरची कुत्री दरवर्षी रस्त्यावर सापडतात. पट्टा किंवा पट्ट्याची खूण, प्रत्येक बाईकमागे थोडं धावून परत येणं, रस्ता ओलांडताना गोंधळणं, ही लक्षणं. जवळच्या डॉक्टरकडे मायक्रोचिप तपासून घ्या, आसपासच्या सोसायट्यांच्या वॉचमनना फोटो दाखवा. ग्रुपवर टाकताना मात्र एक खूण लपवून ठेवा, पोटावरचा डाग, तुटलेला दात, काहीही. लॅब्रेडॉर दिसला की मालक म्हणवणारे तीन-तीन उगवतात, त्यांना विचारा ती खूण कुठे आहे, आणि लसीचं कार्ड किंवा जुने फोटो घेऊन या म्हणा.